सॅटर्न गाडी कुणी कुणी वापरलीय? आणि ती कंपनी बंद का पडली?

नॅशव्हिलकर

नव्वदच्या दशकात अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला पहिली गाडी कुठली घेतलीस असं विचारलं, तर उत्तर जवळजवळ ठरलेलं: कोरोला, सिव्हिक, फार तर सेंट्रा. पण अधूनमधून कुणीतरी "आमची सॅटर्न होती" म्हणतो आणि मग बोलायचा थांबतच नाही. शेवी कॅव्हेलियर किंवा फोर्ड एस्कॉर्टबद्दल इतक्या मायेनं बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय. कंपनीला २०१० मध्ये टाळं लागलं, तरी हे प्रेम टिकून आहे. का, ते समजून घ्यायला हा धागा. मी राहतो तिथून सॅटर्नचा कारखाना तासाभराच्या आत आहे, त्यामुळे या विषयात नाक खुपसायचा थोडा हक्क आहे असं मी धरून चाललोय. ज्यांनी वापरलीय त्यांनी बरंवाईट सगळं लिहा.

आधी थोडा इतिहास.

सत्तरच्या दशकात तेलाचे भाव दोनदा भडकले आणि अमेरिकन गिऱ्हाईक छोट्या जपानी गाड्यांकडे वळलं. डेट्रॉइटवाले, म्हणजे अमेरिकन मोटार कंपन्या, म्हणायच्या, जपान्यांकडे मजुरी स्वस्त, आम्ही काय करणार. पण १९८२ मध्ये होंडा ओहायोत अकॉर्ड बनवायला लागली, १९८३ मध्ये निसान आमच्या टेनेसीत स्मर्नाला आली आणि ती सबब संपली. माणसं अमेरिकन, जमीन अमेरिकन, आणि गाडी तरीही चांगली. १९८३ च्याच नोव्हेंबरात जनरल मोटर्सचे (जीएम) अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी सॅटर्न प्रकल्प जाहीर केला. नाव घेतलं चांद्रमोहिमेच्या रॉकेटवरून: त्या शर्यतीत रशियाला मागे टाकलं, आता जपानला टाकायचं. जानेवारी १९८५ मध्ये सॅटर्न कॉर्पोरेशन ही स्वतंत्र उपकंपनी काढली. शेवरोले, पाँटियाक, ब्युइक यांच्या रांगेत आणखी एक विभाग त्यांना नको होता. जुन्या जीएमच्या सवयी लागू नयेत, म्हणून कारखानासुद्धा डेट्रॉइटपासून लांब हवा होता.

तो आपल्याकडे यावा म्हणून राज्याराज्यांची झुंबड उडाली. गव्हर्नर मंडळी टीव्हीवर जाऊन आपापल्या राज्याची भलामण करत होती. शेवटी नंबर लागला स्प्रिंग हिलचा. नॅशव्हिलच्या दक्षिणेला गुरं, घोडे, कुरणं आणि हजार-दीड हजारांची वस्ती. २०२० च्या जनगणनेत त्याच गावाची लोकसंख्या पन्नास हजारांवर गेली.

पहिली गाडी ३० जुलै १९९० ला बाहेर पडली. स्मिथ आणि कामगार संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर या दोघांनी मिळून ती लाइनवरून उतरवली. लगोलग स्मिथ निवृत्त झाले. माझ्या मते सॅटर्नची पुढची सगळी कथा या एका गोष्टीत आहे, पण ते मागाहून. आधी तुमचे अनुभव येऊ द्या.

मंजिरी_ओहायो

आमची होती! १९९६ ची एसएल१, गडद हिरवी, नवीकोरी. बारा हजारांच्या आसपास पडली.

मी तेव्हा एकटी होते, नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. आधी दुसऱ्या एका कंपनीच्या शोरूममध्ये गेले होते. नाव घेत नाही. तिथल्या सेल्समननं पहिला प्रश्न विचारला, "नवरा कधी येणार आहे?" मग किमतीवरून तासभर घोळ. दर वेळी "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून आत जायचा आणि मी बाहेर बेचव कॉफी पीत बसलेली. शेवटी उठून आले.

सॅटर्नच्या दुकानात काचेवर लिहिलेली किंमत हीच किंमत. सगळ्यांना तीच. कुणी मागे लागलं नाही, आणि इंजिनबद्दल विचारलं तर इंजिनबद्दलच सांगितलं. गाडी न्यायला गेले त्या दिवशी तर कमाल. दुकानातले सगळे, मेकॅनिकसुद्धा, काम सोडून गाडीभोवती जमले, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. मला इतकं लाजल्यासारखं झालं की विचारू नका. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पेढे तू वाटलेस की त्यांनी?"

गाडी कशी होती? आवाज करायची. चढावर एसी लावला की दमायची. पण दीड लाख मैलांच्या पुढे चालवली आणि मग एका विद्यार्थ्याला विकली.

टोयोटाभक्त

टाळ्या ऐकायला छान, पण टाळ्यांवर गाडी चालत नाही. एक किंमत म्हणजे तुम्ही स्टिकरची पूर्ण किंमत मोजलीत. शेजारी कोरोलावर घासाघीस करून लोक कितीतरी वाचवत होते. मराठी माणसाला दादरच्या फुटपाथवर पन्नास रुपये कमी करून घेतल्याशिवाय चैन पडत नाही आणि इथे पूर्ण किंमत देऊन वर कौतुक!

मंजिरी_ओहायो

@टोयोटाभक्त, दादरला विकणारा मला "नवरा कुठाय" असं विचारत नाही हो.

देशपांडे_इलिनॉय

मंजिरीताई, सिक्सर!

एक किंमत चालायची कशी, ते सांगतो. माझा एक सहकारी आधी सॅटर्नच्या दुकानात होता. साधारणपणे एकाच शहरात एकाच कंपनीचे चार डीलर असतात आणि गिऱ्हाईक चौघांना एकमेकांविरुद्ध खेळवतं. सॅटर्ननं एकेका मालकाला अख्खा इलाखा दिला. त्या भागातली सॅटर्नची सगळी दुकानं त्याचीच. मग भाव पाडायला शेजारी कुणी उरतच नाही. विकणाऱ्याचं पोट प्रत्येक गाडीच्या कमिशनवर नसल्यामुळे तोही गळ्यात पडायचा नाही. पसंत पडली नाही तर ३० दिवस किंवा १,५०० मैलांच्या आत परत करायची सोय होती. ग्राहकांच्या समाधानाच्या पाहण्यांमध्ये बारा हजारांची ही गाडी लेक्ससच्या पंक्तीला जाऊन बसायची.

१९९१ चा प्रसंग तर बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात. पुरवठादाराकडून आलेलं कूलंट सदोष निघालं आणि १,८३६ गाड्यांत भरलं गेलं. इंजिन साफ करून देता आलं असतं. सॅटर्ननं त्या गाड्याच बदलून दिल्या. १९९३ मध्ये वायरिंगच्या दोषासाठी साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तेव्हा काही दुकानांनी दुरुस्तीच्या दिवशी आवारात बार्बेक्यू लावला. रिकॉलला बोलावून जेवू घालणारी दुसरी कंपनी मला माहीत नाही.

दहाचा_पाना

सगळे दुकानाबद्दलच बोलताय. गाडीबद्दल मी बोलतो. माझ्याकडे दोन होत्या, दोन्ही जुन्या घेतलेल्या. एक एसएल२ आणि एक एससी२ कूप.

एसएल, एससी या एस-सीरीजच्या गाड्या, सॅटर्नचं पहिलं मॉडेल. सांगाडा स्टीलचा, त्यावर बाजूचे पत्रे पॉलिमरचे. दरवाजे, फेंडर, बंपर प्लास्टिकचे. बॉनेट, छत आणि डिकीचं झाकण मात्र लोखंडीच. ही कल्पना जीएमनं आधी पाँटियाक फिएरोत वापरली होती. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रॉली येऊन आदळली तरी पोचा येत नाही, दबून परत जागेवर. मिशिगनच्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर बाकीच्या गाड्यांचे दरवाजे खालून कुजत असताना हिचे नव्यासारखे. तोटा एकच: प्लास्टिक उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, म्हणून दोन पॅनेलमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवावी लागायची. ज्यांना होंडाची बारीक शिवण आवडते त्यांना ती फट डोळ्यांत खुपायची.

इंजिन १.९ लिटर, अख्खं अॅल्युमिनियमचं. थर्माकोलसारख्या फोमचा साचा करायचा, त्यावर वितळलेला धातू ओतायचा, फोम जळून जातो आणि धातू त्याची जागा घेतो, अशा पद्धतीचं ओतकाम. साधं इंजिन सुरुवातीला ८५ हॉर्सपॉवरचं, दोन कॅमशाफ्टवालं १२४ चं. टायमिंगला बेल्ट नाही, चेन. म्हणजे ठरावीक मैलांवर बेल्ट बदलायचा खर्च वाचला. एसएल२ पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये मजा आणायची, हे टोयोटाभक्तांनी कान धरून ऐकावं.

या इंजिनाचं एक जगजाहीर व्यसन होतं: तेल पिणं. पिस्टनवरच्या तेलाच्या रिंगा कार्बननं चिकटतात आणि तेल हळूहळू जळत जातं. सायलेन्सरमधून धूर दिसतोच असं नाही, त्यामुळे मालक बेसावध राहतो आणि एक दिवस डिपस्टिक कोरडी. जुन्या सॅटर्नवाल्यांचा मंत्र ठरलेला: पेट्रोल भरताना बॉनेट उघडायचं. जे उघडत राहिले त्यांच्या गाड्या दोन-दोन लाख मैल चालल्या. जे राहिले नाहीत, ते आजही शिव्या घालतात. शिवाय कूलंटच्या तापमानाचा प्लास्टिकच्या टोकाचा सेन्सर तडकायचा. पितळी टोकाचा बसवला की प्रश्न संपला.

सायली_के

प्लास्टिकचे दरवाजे म्हणजे अपघातात तकलादू नाहीत का? माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे की जुन्या गाड्या लोखंडी होत्या म्हणून सुरक्षित होत्या.

दहाचा_पाना

मार सांगाडा खातो हो, वरचं पांघरूण नाही. दरवाजाच्या आत स्टीलचा आडवा दांडा असतोच. सासऱ्यांना सांगू नका, भांडण होईल.

अवांतर: १९९९ च्या कूपला ड्रायव्हरच्या बाजूला मागे एक छोटा उलटा उघडणारा दरवाजा दिला होता. म्हणजे कूपला तीन दरवाजे. मागच्या सीटवर लहान मूल बसवणाऱ्याला त्याची किंमत विचारा.

कारखानीस

धागा वाचतोय. कामगार संबंध हा माझा विषय, म्हणून तो धागा मी ओढतो.

यूएडब्ल्यू ही मोटार कामगारांची संघटना आणि जीएम यांचा राष्ट्रीय करार म्हणजे शेकडो पानांचं बाड. कुठला कामगार कुठलं काम करेल, कुठलं करणार नाही, याच्या असंख्य वर्गवाऱ्या. सॅटर्नसाठी १९८५ मध्ये वेगळा करार झाला, तो काही डझन पानांत आटोपला. उत्पादनातल्या सगळ्या कामगारांचा एकच वर्ग. छोटे गट, गटानं आपलं काम आपसांत वाटून घ्यायचं, नवा माणूस घ्यायचा तरी गटाला विचारून. पुरवठादार निवडण्यापासून जाहिरातींपर्यंत संघटनेचा माणूस व्यवस्थापकाच्या शेजारी बसलेला. बदल्यात पगाराचा काही भाग गुणवत्तेवर, प्रशिक्षणावर आणि उद्दिष्टांवर अवलंबून. नव्वदच्या मध्यावर चांगल्या वर्षी दहा हजार डॉलरपर्यंत बोनस मिळाला. हे घडवून आणण्यात संघटनेतल्या डोनाल्ड एफलिन यांचा वाटा मोठा.

आता गंमत बघा. कारखान्यातल्या कामगारानं दरवाजा नीट बसवायचा, हे त्याच्या हातात आहे. पण कंपनीनं नवं मॉडेल आणायचं की नाही, हे त्याच्या हातात नाही. १९९७-९८ मध्ये छोट्या गाड्यांची मागणी घसरली, सॅटर्नकडे विकायला दुसरं काही नव्हतं, उत्पादन कापलं आणि बोनसही कापला गेला. कामगार म्हणाले, आमचं काय चुकलं? त्यांचं खरंच काही चुकलं नव्हतं. १९९८ मध्ये त्यांनी मतदान करून वेगळा करार टिकवला, पण पुढच्या वर्षी स्थानिक नेतृत्व घरी बसवलं. २००४ च्या सुमारास वेगळेपण संपलं आणि स्प्रिंग हिल राष्ट्रीय कराराखाली गेलं. डेट्रॉइटच्या संघटनेतल्या अनेकांनाही ते हवंच होतं. एफलिन यांच्यानंतर वर आलेल्या स्टीफन योकिच यांना सॅटर्नचा प्रयोग कधीच रुचला नव्हता.

नॅशव्हिलकर

कारखानीस, नेमका मुद्दा मांडलात. सॅटर्नच्या डोक्यावर हात ठेवणारे दोघंही लवकर गेले, जीएममधून स्मिथ आणि संघटनेतून एफलिन. उरली ती भाऊबंदकी. शेवरोलेवाले म्हणणार, आमच्या नफ्यातून यांचे लाड. ओल्डस्मोबिलवाले म्हणणार, आमचं मॉडेल रखडलं कारण पैसे टेनेसीला गेले. नव्वदच्या सुरुवातीला खुद्द जीएम अब्जावधींच्या तोट्यात होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं होतं असंही नाही.

पण परिणाम बघा. १९९४ मध्ये सॅटर्ननं पावणेतीन लाखांच्या वर गाड्या विकल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कंपनीनं मालकांना कारखाना बघायला बोलावलं, 'होमकमिंग' म्हणून. देशभरातून चाळीस हजारांवर लोक आपापल्या गाड्या चालवत या आडगावात आले. भर उन्हाळ्यात, आणि वर वादळी पाऊस. कुठल्या कारखान्याला लोकांनी अशी जत्रा भरवलीय? ही माणसं पुढची गाडीही सॅटर्नच घ्यायला तयार होती. विकायला मात्र तीच एस-सीरीज होती.

मंजिरी_ओहायो

अगदी! आमचं हेच झालं. लग्न झालं, मुलगी झाली, मोठी गाडी हवी होती. प्रेमानं सॅटर्नच्याच दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी खरंखुरं सांगितलं की मोठी गाडी यायला वेळ आहे. निघालो आणि सीआर-व्ही घेतली. पुन्हा मागे वळून पाहिलं नाही.

टोयोटाभक्त

घ्या! शेवटी जपानीच.

गंभीरपणे लिहितो. १९९१ मध्ये सॅटर्न कोरोलाच्या जवळपास होती हे मान्य. पण टोयोटा आणि होंडा चार-पाच वर्षांनी गाडी पुरती बदलतात. एस-सीरीज १९९० पासून २००२ पर्यंत चालली. मध्ये अंगावरचे कपडे बदलले, हाडं तीच. १९९८ च्या सिव्हिकमध्ये बसून मग सॅटर्नमध्ये बसा, इंजिनाचा घरघराट दातांत जाणवतो. मग २००० ला एल-सीरीज आणली, ती जीएमच्याच युरोपातल्या ओपल कंपनीच्या व्हेक्ट्राची बहीण, स्प्रिंग हिलला नाही तर डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला बनवलेली. कॅमरीसमोर ती गाडी म्हणजे पाणी घातलेलं वरण. रॅव्ह४ १९९६ ला आली, सीआर-व्ही १९९७ ला. सॅटर्नची एसयूव्ही, व्ह्यू, थेट २००१ च्या शेवटी.

विन्या_बे_एरिया

व्ह्यूला नावं ठेवू नका राव. माझ्याकडे २००५ ची व्ही६ आहे, अजून चालते. २००४ पासून तिच्यात होंडाचं साडेतीन लिटरचं इंजिन आणि होंडाचाच गिअरबॉक्स यायचा. जीएमनं होंडाकडून विकत घेतलेला. जपानला हरवायला काढलेल्या कंपनीच्या गाडीत शेवटी होंडाचं इंजिन! माझ्या गाडीचं मला कौतुकच आहे, पण यातला विनोद कळतो.

दहाचा_पाना

व्ही६ घेतलीत म्हणून सुटलात. चार सिलिंडरवाल्या सुरुवातीच्या व्ह्यूत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता, तो इतका कुप्रसिद्ध झाला की जीएमला २००४ मध्ये त्याची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. आणि २००४ मध्येच गाडी उलटते का ते बघणाऱ्या सरकारी रोलओव्हर चाचणीत व्ह्यूचं मागचं सस्पेन्शन मोडलं, त्यावरून अडीच लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या.

अनुराधा_एन

आयनबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. ते लिहायलाच हवं.

एस-सीरीजच्या जागी २००३ ला आयन आली. डॅशबोर्डचे काटे मधोमध, आतलं प्लास्टिक हलकं, समीक्षकांनी पहिल्याच वर्षी धुतली. ते सोडून द्या, चवीचा प्रश्न. खरी गोष्ट इग्निशन स्विचची आहे. किल्ली ज्या खाचेत बसते तिचा जोर ठरवलेल्या मापापेक्षा कमी होता. किल्लीच्या जुडग्याचं वजन पडलं, गुडघा लागला किंवा खड्ड्यातून गाडी गेली, तर चालत्या गाडीत किल्ली 'रन'वरून 'अॅक्सेसरी'वर सरकायची. इंजिन बंद, स्टीअरिंग जड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅग उघडत नाहीत. शेवरोले कोबाल्ट, एचएचआर, पाँटियाक सोलस्टिस, सॅटर्न आयन आणि स्काय, सगळ्यांना हाच स्विच. कंपनीतल्या काही इंजिनिअरांना हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. रिकॉल निघाला २०१४ मध्ये. नुकसानभरपाईच्या निधीनं या सगळ्या गाड्या मिळून १२४ मृत्यू मान्य केले. २०१५ मध्ये जीएमनं अमेरिकन सरकारला ९० कोटी डॉलर भरले.

१,८३६ गाड्या बदलून देणारी कंपनी आणि ही कंपनी, बॅज एकच. म्हणून मला टाळ्या-फोटोंच्या आठवणींत फार रमता येत नाही.

देशपांडे_इलिनॉय

+१. पण हे नोंदवायला हवं की आयन आली तोवर सॅटर्न नावापुरतीच वेगळी उरली होती. अभियांत्रिकी सगळी जीएमची. स्विच आयनसाठी वेगळा बनवलेला नव्हता, सगळ्या भावंडांना एकच. कंपनी वेगळी ठेवायचा मूळ हेतू काय होता, ते धाग्याच्या सुरुवातीला आहेच.

एलए_चा_जोशी

ईव्ही१ राहिली. आधुनिक काळातली जीएमची पहिली विजेवरची गाडी. डिसेंबर १९९६ पासून कॅलिफोर्निया आणि अॅरिझोनात मिळायची, तीसुद्धा सॅटर्नच्याच दुकानांतून. विकत नाही, फक्त भाड्यानं. एकूण १,११७ बनवल्या. मी चालवून बघितलीय, सिग्नलला हिरवा पडला की आवाज न करता सुसाट. मुदत संपल्यावर जीएमनं सगळ्या परत घेतल्या आणि बहुतेक चुरडल्या. लोक चेक घेऊन उभे होते तरी. थोड्या संग्रहालयांना दिल्या.

ज्यांच्या हातात १९९६ मध्ये ही गाडी होती आणि ती विकायला सॅटर्नसारखी दुकानं होती, त्यांनी पुढची संधी कशी घालवली याचा विचार करून डोकं दुखतं.

तळेगावकर

मी कधी अमेरिकेला आलो नाही, सॅटर्न पाहिलेलीही नाही, तरी लिहितोय. २००८-०९ मध्ये सॅटर्ननं अॅस्ट्रा नावाची गाडी विकली असं वाचलं. ती ओपलचीच ना? आपल्याकडे ओपल अॅस्ट्रा १९९६ पासून गुजरातमधल्या हालोलला बनायची. आमच्या आळीत एका डॉक्टरांकडे होती, दार बंद केल्याचा आवाज अजून कानात आहे.

जीएमचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला तेव्हा आमच्या भागात जमिनीचे भाव, भाड्यानं खोल्या, बसची कंत्राटं, सगळं बदललं. स्पार्क आणि बीट इथेच बनायच्या. २०१७ च्या अखेरीस त्यांनी भारतात गाड्या विकणं थांबवलं, काही काळ निर्यात केली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन बंद. कामगार कोर्टात गेले. आता ती जागा ह्युंदाईकडे आहे. स्प्रिंग हिलबद्दल वाचताना ते सगळं आठवलं. तिथल्या कारखान्याचं काय झालं?

नॅशव्हिलकर

@तळेगावकर, हो, अॅस्ट्रा ओपलचीच, पण तुमच्या डॉक्टरांच्या गाडीच्या दोन पिढ्या पुढची. बेल्जियममधल्या अँटवर्पहून जहाजानं यायची. युरो तेव्हा इतका महाग होता की छोट्या गाडीवर काही सुटणं कठीणच. गाडी चांगली होती, हिशेब चुकीचा होता.

शेवटच्या काळात जीएमनं सॅटर्नला खरंच चांगला माल दिला, हे न्यायानं लिहायला हवं. ऑराला २००७ चा 'नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर' मिळाला. आउटलुक मोठ्या कुटुंबाची गाडी म्हणून उत्तम. स्काय दिसायला देखणी. पण यातली एकही स्प्रिंग हिलला बनत नव्हती. मार्च २००७ नंतर तिथून सॅटर्न बाहेर पडलीच नाही. प्लास्टिकचे दरवाजेही गेले. मग गिऱ्हाईकानं सॅटर्न का घ्यायची, शेवरोले का नाही? याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

जून २००९ मध्ये जीएम दिवाळखोरीत गेली. त्याच आठवड्यात रॉजर पेन्स्की यांनी सॅटर्न घेण्याची बोलणी जाहीर केली. रेसिंगवाले पेन्स्की, शेकडो शोरूमचे मालक. साडेतीनशे दुकानं, तेरा हजार नोकऱ्या वाचणार होत्या. बेत असा की सुरुवातीला जीएमनं गाड्या बनवून द्यायच्या, नंतर दुसऱ्या कुणाकडून घ्यायच्या. तो दुसरा कुणी म्हणजे रेनॉ होती. तिच्या संचालक मंडळानं नकार दिला आणि ३० सप्टेंबर २००९ ला पेन्स्की बाहेर पडले. लोक दुकान विकत घ्यायला तयार होते, त्यात ठेवायला गाडी मिळेना. १९९४ ची तीच कथा. वर्षभरात सगळं आवरलं.

कारखाना मात्र जिवंत आहे. सॅटर्ननंतर शेवरोले ट्रॅव्हर्स आली, २००९ च्या अखेरीस दिवे मालवले, काही वर्षांनी पुन्हा लागले. आता कॅडिलॅक बनतात, विजेवरची लिरिकसुद्धा. जुन्या सॅटर्नवाल्यांपैकी बरेच जण बदली घेऊन दुसऱ्या राज्यांत गेले, काही परतले. तळेगावच्या लोकांना हे वाचून बरं वाटेल की वाईट, मला सांगता येत नाही.

टोयोटाभक्त

एवढं सगळं वाचून माझं मत: दुकान अव्वल, गाडी सुमार, मालक करंटा. झोपायला जातो.

कारखानीस

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटच्या कारखान्यात तुमची टोयोटा आणि जीएम १९८४ पासून एकत्र गाड्या बनवत होते, हे झोपायच्या आधी आठवा. जे सॅटर्नमध्ये नव्यानं उभं केलं, त्यातलं बरंचसं तिथे जुन्याच कामगारांकडून होत होतं. जीएमला शिकायला टेनेसीपर्यंत जायची गरज होती का, यावर वेगळा धागा काढू.

रोहन_२४

काका-काकूंनो, मस्त धागा. मी ऑस्टिनला शिकतोय. इथे २००८ ची स्काय मिळतेय, लाल, मॅन्युअल, ऐंशी हजार मैल. पहिली गाडी म्हणून घेऊ का? प्लास्टिकचे दरवाजे म्हणजे गंजायची भीती नाही ना?

दहाचा_पाना

थांब. स्कायचे पत्रे लोखंडीच आहेत. प्लास्टिक एस-सीरीजला, व्ह्यूला, आयनला.

इंजिन कुठलं ते आधी बघ. साधं २.४ लिटर १७७ हॉर्सपॉवरचं, 'रेड लाइन' असेल तर दोन लिटर टर्बो, २६०. दोन्ही इकोटेक घराण्यातली, जीएमच्या इतर गाड्यांतही होती, त्यामुळे इंजिनाचे भाग मिळतात. अडचण बाहेरच्या भागांची. पुढचा बंपर, हेडलाइट फक्त स्कायचे, पाँटियाक सोलस्टिसचे बसत नाहीत. पार्किंगमध्ये कुणी ठोकलं तर भंगारवाल्यांच्या यादीत शोधत बसशील आणि विमावाला गाडीच मोडीत काढेल. अनुराधाताईंनी लिहिलेला इग्निशन स्विच हिलाही आहे. गाडीचा व्हीआयएन (ओळख) नंबर सरकारी रिकॉलच्या साइटवर टाक, काम झालंय का बघ. झालं नसेल तर घ्यायच्या आधी शेवरोले डीलरकडून करून घे, रिकॉलचं काम फुकट होतं. छत उघडझाप करून बघ, आतल्या कापडाला ओल आहे का बघ.

मंजिरी_ओहायो

आणि रोहन, किंमत कमी करून घे रे. आता ती दुकानं नाहीत, भरपूर घासाघीस कर.

रोहन_२४

थँक्स! डिकी कितपत आहे? मे महिन्यात आईबाबा येणार आहेत पदवीदानाला.

दहाचा_पाना

सीट दोन. डिकीत मधोमध पेट्रोलच्या टाकीचा उंचवटा, आणि छत उघडं ठेवलंस तर ते घडी घालून तिथेच बसतं. आईबाबा, चार मोठ्या बॅगा आणि वर लोणच्याची बरणी. एअरपोर्टला मित्राची कोरोला घेऊन जा.

टोयोटाभक्त

मी जागा आहे. वाचलं.